दारे नसलेला रस्ता : जालना रस्ता आणि अखंड उड्डाणपुलाचा हट्ट

१/ धागा. जालना रस्त्यावर चिकलठाण्यापासून वाळूजपर्यंत अखंड उड्डाणपूल व्हावा की नाही, हा वाद आपल्या शहरात काही वर्षे सुरू आहे. माझे मत आधीच सांगून टाकते : होऊ नये. त्याची कारणे वाहतुकीच्या आकडेमोडीतून कमी आणि इतिहासातून अधिक देणार आहे. जुन्या काळाविषयी लिहिताना औरंगाबाद हे त्या काळचे नाव ठेवले आहे. त्यावरून हा धागा दुसरीकडे वळवू नये, ही विनंती.

२/ प्रथम एका शब्दाचा अर्थ नीट लावू. फ्रीवे म्हणजे वेगाचा रस्ता, असे आपण धरून चालतो. वेग हा त्याचा परिणाम आहे, लक्षण नव्हे. फ्रीवे म्हणजे ज्यावर कोणाचेही दार उघडत नाही असा रस्ता. घराचे नाही, दुकानाचे नाही, शाळेचे नाही, गल्लीचेही नाही. ठरलेल्या जागी चढायचे, ठरलेल्या जागी उतरायचे. मधल्या जगाशी त्याला कर्तव्य नसते, आणि म्हणूनच त्याला धावता येते.

३/ याच्या उलट शहराचा मुख्य रस्ता. त्याचे सारे आयुष्य दारांवर चालते. त्यावर बँक असते, दवाखाना असतो, रसवंती असते, न्यायालयाचे फाटक असते, बसथांबा असतो. माणसे त्यावरून जातात त्याहून अधिक त्यावर येतात. अशा रस्त्याकडून फ्रीवेच्या वेगाची अपेक्षा करणे म्हणजे आठवडी बाजारात जाऊन तेथे गर्दी असल्याची तक्रार करणे.

४/ बावन्न दरवाजांचे शहर म्हणून मिरवणाऱ्या आपल्याला हा फरक सांगावा लागतो, याची गंमत वाटते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. औरंगजेब १६५३ मध्ये दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि शहराला त्याचे नाव मिळाले. पुढे भोवती कोट उभा राहिला. कोटातील वाट दरवाजापाशी येऊन थांबे, तपासली जाई आणि मग आत शिरे. आज तो कोट जवळजवळ नाहीसा झाला आहे. पैठण गेटसारखे काही दरवाजे वाहतुकीच्या मधोमध बेटासारखे उभे आहेत आणि वाहने त्यांना वळसा घालून जातात.

५/ जालना रस्ता या कोटाच्या बाहेरचा, दक्षिणेकडचा. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्ग आला तो शहरापासून बराच अंतर राखून. जुने शहर वर, लोहमार्ग खाली, आणि मधल्या माळावरून जालन्याकडे जाणारी वाट, असे ते चित्र होते. त्या वाटेवर दारे नव्हतीच. बैलगाड्या, टांगे आणि पुढे एसटी तिच्यावरून बिनधोक जात असतील. त्या अर्थाने आपला पहिला आणि शेवटचा खरा फ्रीवे तोच.

६/ मग दारे आली, आणि ती कोणी चोरून लावली नाहीत. शासनानेच लावली. १९६० च्या दशकात चिकलठाण्याला औद्योगिक वसाहत आली. १९७० च्या दशकात सिडकोने याच रस्त्याच्या उत्तरेला नवे औरंगाबाद आखायला घेतले. विमानतळ याच रस्त्यावर. १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचे कामकाज शहरात सुरू झाले आणि खंडपीठाची इमारतही याच रस्त्यावर उभी राहिली. आकाशवाणी याच रस्त्यावर, सिडकोचे बसस्थानकही याच रस्त्यावर. जे जे नवे आणि महत्त्वाचे, ते ते जालना रस्त्याला लावून ठेवायचे, हा नियोजनाचा जणू अलिखित नियम होता.

७/ १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि शहराची कावड पूर्ण झाली. एका टोकाला चिकलठाणा (आणि पुढे शेंद्रा), दुसऱ्या टोकाला वाळूज, मध्ये घरे, आणि खांद्यावरची काठी म्हणजे जालना रस्ता. पैठण ज्यांच्या जिल्ह्यात आहे त्यांना कावडीचा अर्थ समजावून सांगायला नको. दोन्ही पारडी भरत गेली आणि काठी मात्र तीच राहिली.

८/ या काठीवरचे ओझे हलके करण्यासाठी बाहेरून रस्ता काढावा, हा विचार त्या काळात झालाच. त्यातून आला बीड बायपास. या रस्त्याचा इतिहास प्रत्येक नगररचनाकाराने पाठ करावा असा आहे. तो शहराच्या बाहेरून गेला. त्याच्या कडेने जागा स्वस्त होत्या. सातारा-देवळाईकडे वसाहती झाल्या. त्या वसाहतींची दारे सरळ बायपासवर उघडली. मालमोटारी आणि शाळेच्या सायकली एकाच पट्ट्यात आल्या, अपघातांनी तो रस्ता कुप्रसिद्ध झाला. पुढे त्याचे रुंदीकरण झाले, त्यावर पूल झाले आणि सातारा-देवळाई महापालिकेत आली. बायपास हे नाव तेवढे उरले.

९/ आता सोलापूर-धुळे महामार्ग आणखी बाहेरून, करोडीच्या अंगाने वळवला आहे. उत्तरेकडून समृद्धी महामार्ग गेला आहे : नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि संपूर्ण ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये खुला झाला. समृद्धी हा मात्र शब्दशः दारे नसलेला रस्ता आहे. दोन्ही बाजूंना कुंपण आहे, ठरलेल्या जागीच प्रवेश आहे. म्हणजे ज्याला शहराशी काहीही काम नाही, नुसते पलीकडे जायचे आहे, त्याची सोय बाहेरून झालेली आहे. जालना रस्त्यावर आज जो दिसतो त्याला बहुतेक वेळा जालना रस्त्यावरच, किंवा त्याला लागून असलेल्या एखाद्या गल्लीत, काही ना काही काम असते. पुढचा सारा युक्तिवाद या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून ते पुन्हा एकदा वाचावे.

१०/ मधल्या काळात आपण काय केले? चौक दिसला की पूल. महावीर चौक, क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको बसस्थानक. प्रत्येक पूल आपापल्या चौकापुरता खरा आहे. पण पुलावरून सुटलेली वाहने पुढच्या चौकात एकदम येऊन पडतात आणि तेथे नवा पूल हवासा वाटू लागतो. पूल पुलाला जन्म देतो. अखंड उड्डाणपूल ही कल्पना आकाशातून पडलेली नाही. या तुकड्यांच्या साखळीचा तो सरळ तार्किक शेवट आहे.

११/ क्रांती चौकाची हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा या चौकात आधीपासून होता. शेजारून उड्डाणपूल गेला आणि पुतळा त्यापुढे ठेंगणा दिसू लागला. उंची वाढवण्याची मागणी झाली, ती वर्षानुवर्षे चालली, आणि अखेर २०२२ च्या शिवजयंतीला नवा, कितीतरी उंच पुतळा विराजमान झाला. पुलाला चौकासारखे व्हायला कोणी सांगितले नाही. चौकाला पुलाच्या उंचीचे व्हावे लागले. महाराजांसाठी ते करता आले. चौकातल्या चहावाल्याला, पादचाऱ्याला, रस्ता ओलांडणाऱ्या आजीला उंची वाढवून घेता येत नाही.

१२/ २०२२ च्या सुमारास अखंड पुलाची घोषणा झाली आणि त्याला मेट्रोची जोड मिळाली : खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो. महामेट्रोकडून आराखडा करवून घेण्यात आला. नागपूरच्या वर्धा रस्त्यावरील दुमजली पुलाचे उदाहरण डोळ्यांपुढे होते. हे लिहीत असताना यातले काहीही उभे नाही. काही जण याला शहराचे दुर्दैव म्हणतात. मला ती मिळालेली उसंत वाटते.

१३/ न झालेले फ्रीवे नियोजनात फार काळ जगतात. याचे मराठी मुलखातले सर्वांत मोठे उदाहरण मुंबई. १९६२ मध्ये विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार संस्थेने मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास करून बेटाच्या पूर्व आणि पश्चिम अंगाने फ्रीवे सुचवले. तो काळ अमेरिकेत शहरे चिरून फ्रीवे नेण्याचा होता, तेव्हा औषध तेच मिळाले. आपल्याकडे पैसा नव्हता. योजना फायलीत गेली, पण मेली नाही.

१४/ वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये आला. पूर्व मुक्तमार्ग २०१३ मध्ये आला. किनारी रस्त्याचा पहिला भाग २०२४ मध्ये खुला झाला. पन्नास-साठ वर्षांनंतर हे कोठे उभे राहिले ते नकाशावर पाहा : समुद्रात, भराव टाकलेल्या किनाऱ्यावर आणि गोदीच्या बाजूने. दारांच्या गर्दीतून नव्हे, तिच्या कडेने. (मासेमारी करणाऱ्या कोळ्यांना समुद्र हेच दार असते, ही गोष्ट तेव्हाही कोणी धड ऐकली नाही, तो वेगळ्या धाग्याचा विषय.)

१५/ आणि जेथे पूल थेट दारांवरून न्यायचा होता तेथे काय झाले? दोन रस्ते शेजारी ठेवून पाहू. पेडर रोडवर उड्डाणपुलाचा प्रस्ताव आला तेव्हा रहिवाशांनी विरोध केला. त्यांत लता मंगेशकर होत्या. तो पूल झाला नाही. महम्मद अली रोडवर मात्र जे. जे. उड्डाणपूल २००२ मध्ये उभा राहिला. सुमारे अडीच किलोमीटरचा हा पूल दाट वस्तीतून, लोकांच्या खिडक्यांच्या हाताएवढ्या अंतरावरून गेला. खालचा बाजार सावलीत गेला. मुंबईत पूल कोठे अडतो आणि कोठे अडत नाही, हे वाहतूकशास्त्राने ठरवले असे म्हणायला मी धजणार नाही.

१६/ जे. जे. पुलाची आणखी एक बाब आपल्या कामाची आहे. अपघातांच्या कारणाने त्यावर दुचाकींना बंदी घालण्यात आली. सागरी सेतूवर दुचाकी नाही, किनारी रस्त्यावर नाही, समृद्धीवर नाही. संभाजीनगर हे दुचाकींचे शहर आहे. कोट्यवधी रुपये खर्चून वाळूजपर्यंत अखंड पूल केला आणि उद्या वेगाच्या कारणाने तेथेही दुचाकी आणि रिक्षा बंद झाल्या, तर कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारा कामगार त्याच्या खांबांच्या सावलीतून, आजच्याहून अरुंद रस्त्याने जाईल. हा प्रश्न प्रस्ताव मांडणाऱ्यांना कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

१७/ परदेशातली दोन उदाहरणे, थोडक्यात. टोरांटोत स्पॅडायना एक्स्प्रेसवे हा फ्रीवे शहराच्या मध्यापर्यंत न्यायचा होता. उत्तरेकडचा तुकडा बांधूनही झाला होता. ३ जून १९७१ रोजी ओंटारिओचे मुख्यमंत्री बिल डेव्हिस यांनी उरलेले काम रद्द केले. न्यूयॉर्कमध्ये अशाच एका फ्रीवेशी लढलेल्या जेन जेकब्स तोवर टोरांटोत राहायला आल्या होत्या आणि या विरोधातही त्या होत्या. जेथे फ्रीवे येऊन आदळणार होता ती स्पॅडायना अव्हेन्यू रस्ताच राहिली. आज तिच्या मधोमध ट्राम धावते आणि दुतर्फा बाजार आहे.

१८/ सॅन फ्रान्सिस्कोत भूकंपाने काम सोपे केले. ऑक्टोबर १९८९ च्या धक्क्यात दोन उन्नत फ्रीवे जायबंदी झाले. किनाऱ्यावरचा एम्बार्कादेरो पाडून टाकला. दुसऱ्याचा, सेंट्रल फ्रीवेचा, प्रश्न मतपेटीत गेला. नागरिकांनी १९९७ ते १९९९ या तीन वर्षांत तीनदा मतदान केले आणि मध्ये कौल उलटलाही! अखेर एका भागाच्या जागी ऑक्टेव्हिया बुलेव्हार्ड हा जमिनीवरचा रस्ता २००५ मध्ये खुला झाला. मध्ये सरळ जाणाऱ्यांसाठी चार पट्टे, त्यांच्या दोन्ही कडांना झाडांची रांग, आणि त्यापलीकडे घरांसाठी संथ वाट. धावणाऱ्याला धावू द्या आणि दारे असणाऱ्याला दारे राहू द्या, अशी ती तडजोड. तेथे कोंडी होत नाही असे नाही, चांगलीच होते. पण फ्रीवेच्या सावलीतल्या मोकळ्या जागी घरे आली.

१९/ आता आपल्या रस्त्याकडे परत, कारण येथे गोष्ट केवळ नियोजनाची राहिलेली नाही. २०२५ च्या जून-जुलैत महापालिकेने विकास आराखड्यातील रुंदी मोकळी करण्यासाठी मोठी मोहीम उघडली. मुकुंदवाडीपासून पुढे जेसीबी फिरले आणि दुकाने, घरांचे पुढचे भाग, काही पूर्ण इमारती पडल्या. कोणाकडे बांधकाम परवानगी होती, कोणाकडे गुंठेवारीचा कागद, कोणाकडे काहीच नव्हते. आराखड्यात जालना रस्ता ६० मीटरचा आहे. कागदावर रेघ जुनी होती. जमिनीवर ती अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

२०/ मुकुंदवाडी आणि चिकलठाणा ही मुळात गावे. शहर त्यांच्याकडे चालत आले. ती शहराकडे अतिक्रमण करीत आलेली नाहीत. रस्त्याची रेघ ओलांडून बांधलेले सारे काही कायदेशीर होते असा माझा दावा नाही. मात्र ज्या विकास आराखड्याच्या नावाने ही रेघ मोजली जाते, त्या आराखड्याची स्वतःची कहाणीही सरळ नाही. सुधारित आराखडा २०१६ मध्ये खंडपीठाने रद्द ठरवला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, नवा प्रारूप आराखडा २०२४ मध्ये आला. नियोजन करणाऱ्यांना चुका दुरुस्त करायला वर्षे मिळतात. दुकानदाराला शटर काढून घ्यायला किती वेळ मिळाला, ते त्यालाच विचारावे.

२१/ म्हणून माझा प्रश्न असा : ही जागा कशासाठी घेतली? ‘रस्त्यासाठी’ हे उत्तर अपुरे आहे. ज्याचे दुकान गेले त्याला सांगितले गेले की रस्ता रुंद होणार आहे. त्या रुंदीत पदपथ, झाडे, बसचा पट्टा, सर्व्हिस रोड येणार असेल, तर त्याच्या उरलेल्या अर्ध्या दुकानाला निदान दार तरी राहील. पण त्याच रुंदीत उद्या अखंड पुलाचे खांब, चढउताराचे रॅम्प आणि त्यांच्या भिंती येणार असतील, तर त्याने जागा एका गोष्टीसाठी दिली आणि वापरली गेली दुसऱ्याच गोष्टीसाठी. रॅम्पच्या भिंतीसमोरच्या दुकानात गिऱ्हाईक चढत नाही. मोंढा नाक्यावर उभे राहून पाहिले तरी पुरे.

२२/ पुलाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. घाटीकडे निघालेली रुग्णवाहिका अडकते. विमान पकडणारा अडकतो. चिकलठाण्याहून वाळूजला रोज जाणाऱ्या माणसाचे आयुष्य या रस्त्यावर झिजते, आणि त्याला ‘रस्त्याला दारे असतात’ हे माझे तत्त्वज्ञान ऐकवणे क्रूरपणाचे होईल. त्याची अडचण खरी आहे. मात्र तो एकटा प्रवास करत नाही. त्याच्या मागेपुढे तीच वाट रोज तुडवणारे हजारो आहेत, आणि एकाच रेषेवरून रोज जाणाऱ्या हजारोंसाठी उत्तम साधन म्हणजे बस किंवा रेल्वे. प्रत्येकाला स्वतंत्र चाके देऊन वर चढवणे नव्हे. स्मार्ट सिटीची बससेवा २०१९ पासून या रस्त्यावर आहे आणि तिला आजतागायत स्वतःचा एक पट्टा मिळालेला नाही. इतर वाहनांबरोबरच अडकणाऱ्या बसला कोणी का निवडावे?

२३/ लोहमार्गही या रस्त्याला जवळजवळ समांतर आहे. मुकुंदवाडी, चिकलठाणा ही स्थानके त्यावर आहेतच. सव्वाशे वर्षांपूर्वी आखलेली, एकही दार नसलेली ती पट्टी शहराच्या मधून आजही जाते, आणि शहरांतर्गत प्रवासासाठी तिचा विचार आपल्या चर्चेत अभावानेच होतो. सर्वांत जुना फ्रीवे आपल्याकडे आधीच आहे. फक्त त्याला रूळ आहेत.

२४/ मेट्रोला माझा तत्त्वतः विरोध नाही, हेही नोंदवते. विरोध आहे तो मेट्रोच्या आडून मधला मजला घालण्याला. एकाच रस्त्यावर मोटारींसाठी अखंड पूल आणि वर मेट्रो बांधणे म्हणजे मेट्रोला जन्मतःच प्रतिस्पर्धी देणे. ज्याची मोटार सेव्हन हिल्सवर न थांबता वाळूजला पोचते तो मेट्रोचे तिकीट काढणार नाही.

२५/ तूर्त करण्याजोगे एक काम आहे. मोकळ्या केलेल्या ६० मीटरचा आडवा छेद, म्हणजे एका कुंपणापासून समोरच्या कुंपणापर्यंत किती मीटर कशाला, याचा नकाशा महापालिकेने प्रत्येक चौकासाठी प्रसिद्ध करावा. पदपथ किती, झाडे कोठे, बस कोठे, रस्ता ओलांडायचा कोठे. पुलाच्या खांबांसाठी जागा राखून ठेवली असेल तर तीही दाखवावी. माहितीच्या अधिकारात मागावा लागावा असा हा कागद नाही, तरी मागावा लागला तर मागू. कोणाकडे मुकुंदवाडी ते केंब्रिज चौक या पट्ट्याचे मोजणी नकाशे किंवा पाडापाडीपूर्वीची छायाचित्रे असतील तर प्रतिसादात जोडावीत. वैयक्तिक कागदपत्रांवरील नावे झाकून टाकावीत.

२६/ पुढचा धागा नहर-ए-अंबरीवर. रस्त्याखालून पाणी नेणारे लोक रस्त्याकडे कसे पाहत होते, ते तेथे.